कपाळावरचे दिवे

हेडलॅम्प कुणासाठी पाहिजे, हे मला शहरातल्या एकाही दुकानदारानं विचारलं नाही. प्रत्येकानं फक्त सांगितलं, तो किती लांब जातो. गुलमंडीतल्या एकानं तर भरदिवसा शटर अर्धं खाली ओढलं, दुकानात अंधार केला आणि दिवा सरळ माझ्या डोळ्यांवर मारला. "एक किलोमीटर जाता मॅडम इसका फोकस. जंगल में लेके जाव, पहाड पे लेके जाव." माझ्या डोळ्यांपुढे हिरवे-जांभळे ठिपके नाचायला लागले. मी म्हणाले, "अहो, मला किलोमीटर नको, दोन हात पुरे." तो हसला. बाईला काही कळत नाही, असं ते हसू होतं, आणि तसलं हसू मला मुळीच सहन होत नाही.

मी त्याला नीट समजावून सांगितलं. दिवा असा हवा, की ज्यानं लावला त्याचं तोंड समोरच्याला दिसेल. तो थोडा वेळ विचारात पडला आणि मग एकदम खुलला. "रील बनानेके हैं क्या? फिर रिंग लाइट लेव ना!" मी म्हणाले, मासे धरायचे आहेत. त्यानं माझ्या साडीकडे पाहिलं, हातातल्या डब्याच्या पिशवीकडे पाहिलं आणि शटर वर केलं.

पुढचे दोन-तीन शनिवार ऑफिस सुटल्यावर मी हेच करत होते. शहागंज, पैठण गेट, सिडकोतली ट्रेकिंगच्या सामानाची दुकानं. ट्रेकिंगवाला पोरगा गोड बोलायचा, पण त्याचीही गाडी तिथंच. इतक्या लांबचं दिसतं, इतके तास चालतो, पाण्यात पडला तरी बंद पडत नाही. लाल उजेडाचं बटण दाबून म्हणाला, "हा नाइट फिशिंगसाठी स्पेशल, मासे बुजत नाहीत." माशांची सगळ्यांना काळजी. दिवा कपाळावर बांधलेल्या माणसाचं तोंड कसं दिसतं, हे या दिवे विकणाऱ्यांपैकी एकानंही आयुष्यात कधी बघितलं नसावं.

बघायचं असेल तर काही अवघड नाही. अंधारात कुणाच्या तरी कपाळाला हेडलॅम्प बांधा आणि त्याला तुमच्याकडे बघून बोलायला सांगा. तुम्हाला एक पांढरा गोळा दिसेल. त्याच्याखाली नाक, डोळे, ओठ, काही नाही. काळं भोक. त्या भोकातून आवाज येतो म्हणून तुमचं काही अडत नाही. माझ्या भावाला आवाज येत नाही.

तो माझ्यापाठचा. लहान असताना ताप डोक्यात गेला आणि ऐकू येणं गेलं, असं आई सांगते. आमचं गाव पैठण तालुक्यात, जायकवाडीच्या पाण्याच्या काठाला. आम्ही मेंढरांवाले. आता मेंढरं थोडी उरलीत, ती हाच सांभाळतो. बाकीची पोरं कंपनीत नाहीतर गाड्यांवर लागली, मी शिकून शहरात एका शाळेच्या ऑफिसात चिकटले. भाऊ ओठ वाचतो आणि घरच्या खुणांनी बोलतो. या खुणा कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. मेंढरांमागं फिरताना, चुलीपाशी, भांडणात अशा त्या आमच्या घरात तयार झाल्या. मी म्हणजे नाकावर बोट फिरवायचं, कारण लहानपणी माझं नाक सदा वाहायचं. अजूनही भर लग्नात तो मला अशीच हाक मारतो. थोरला चुलतभाऊ म्हणजे मिशीला पीळ.

गावात त्याला भैऱ्या म्हणतात. त्याला ऐकू येत नाही म्हणून बिनधास्त समोर म्हणतात. ओठ वाचणाऱ्या माणसाच्या समोर! मी कितीदा कितीजणांशी भांडले असेन. लोक म्हणायचे, एवढं काय त्यात, तो हसतोच की. हसतो, कारण रागावला तर कोण त्याच्याशी बोलणार?

त्याच्याशी मनापासून बोलणारी माणसं तीन. थोरला चुलतभाऊ आणि त्याच्यापाठचे दोघं. हे चौघं पोरवयापासून एकत्र, आणि त्यांचं एकत्र असणं म्हणजे रात्री पाण्याकाठी गळ टाकून बसणं. पूर्वी त्यांच्याकडे एकच चार्जिंगचा दिवा होता. पालथ्या घमेल्यावर तो ठेवायचा आणि चौघांनी भोवती बसायचं. माहेरी गेले की संध्याकाळची भाकरी घेऊन मीही कधीकधी जायची. मासा लागो न लागो, पोट दुखेस्तोवर हसून परत यायची, कारण त्या बैठकीतला राजा माझा भाऊ असायचा. तो सगळ्यांच्या नकला करायचा. नवा बूट चिखलात भरू नये म्हणून थोरला कसा चालतो. मुक्कामाच्या एसटीचा कंडक्टर डुलक्या खात पैसे कसे मोजतो. आई फोनवर माझ्याशी बोलताना फोन कानाला लावायचा की तोंडासमोर धरायचा याचा घोळ कसा घालते. मग हे तिघं त्याला काहीतरी सांगायचे, तो ओठांवरून उचलायचा आणि त्याचं उत्तर हातांनी असं काही द्यायचा की थोरला मागं कलंडायचा. भैऱ्या म्हणणारं तिथं कुणी नव्हतं.

मग एका दिवाळीला थोरल्यानं मोबाइलवरून हेडलॅम्प मागवले. सगळ्यांना एकेक, भावालाही. मन मोठं आहे त्याचं, ते मी नाकारत नाही. आणि दिवाही वाईट नाही, उगाच का म्हणू? दोन्ही हात मोकळे राहतात. गळाला गांडूळ ओवता येतं, शिंगाळा माशाचा काटा हातात न घुसवता गळ काढता येतो, दगडाखालचा विंचू पाय ठेवायच्या आधी दिसतो. भावानं तर पहिल्याच महिन्यात अडलेली मेंढी त्या उजेडात सोडवली आणि मला व्हिडिओ कॉलवर कोकरू दाखवलं. आम्ही सगळे खूश होतो. घमेल्यावरचा दिवा आईनं चुलीपाशी नेला.

तिथून पुढं काय झालं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. रोज डोळ्यांदेखत घडत होतं तरी लक्षात आलं नाही, आणि मला राग याचाच येतो. प्रत्येकाचा उजेड प्रत्येकाच्या कपाळावर, तो ज्याच्या-त्याच्या दोरीवर. तिघं बोलत राहिले, हसत राहिले, कारण कानांना उजेड लागत नाही. भावाच्या समोर तीन पांढरे गोळे. त्याला कुणाचे ओठ बघायचे असतील तर एकच मार्ग होता, आपला दिवा त्याच्या तोंडावर धरायचा. त्यानं तो धरला. तर हे ओरडायला लागले. डोळ्यांवर हात घ्यायचे, तोंड फिरवायचे. आणि तोंड फिरवलं की त्याच्यासाठी माणूस गप्प झाला.

त्यानं पुन्हा धरला. पुन्हा ओरडले. एकदा मधल्यानं रागाच्या भरात त्याच्या कपाळावरचा दिवा हिसकून चिखलात फेकला. भावानं तो धुतला, पुसला आणि त्यानंतर बंद करून खिशात ठेवायला लागला. अंधारात, जरा लांब, आपली दोरी धरून बसायचा.

आईनं मला फोनवर सांगितलं, "आताशा लई गप असतो गं. जेवतो, झोपतो, मेंढरं सोडतो." तिघांचं म्हणणं वेगळं होतं. "मिजाशी झालाय. आमच्यात बसत नाय." मिजाशी! त्याच्याशी बोलायचं दार तुम्ही लावून घेतलं आणि वर बाहेर उभा राहिला म्हणून मिजाशी.

पण हे सगळं मला नंतर जुळलं. त्याआधी ती पहाट उजाडली.

पावसाळा सरत आलेला, रविवारचा दिवस, अजून झुंजूमुंजू होत होतं. फोन वाजला. भावाचा व्हिडिओ कॉल. त्याचा कॉल नेहमी व्हिडिओच असतो, पण इतक्या सकाळी कधी नाही. मी उचलला तर पडदा काळा.  मग काहीतरी हललं, एक बाभळीची फांदी दिसली, आणि तो दिसला. त्यानं हेडलॅम्पचा पट्टा फांदीला अडकवला होता आणि दिव्याचं तोंड स्वतःकडे केलं होतं. चेहरा आणि दोन्ही हात उजेडात. माझ्याशी बोलायचं होतं म्हणून त्यानं उजेड स्वतःवर घेतला होता. ही साधी रीत त्याला कुणी शिकवली नव्हती.

मिशीला पीळ. तीन बोटं. गाडी. आणि हात लांब झटकून, गेले.

कधी गेले, मी विचारलं. त्याला माहीत नव्हतं. पाण्याच्या वळणापलीकडे तिघांचे दिवे हलताना त्यानं पाहिले होते. नंतर दिसेनासे झाले, तेव्हा त्याला वाटलं, निजले असतील. भूक लागली म्हणून तो उठून गेला तर तिथं माणसं नाहीत, पिकअप नाही, डबेही नाहीत. त्या रात्री ते थोरल्याच्या पिकअपनं लांबच्या काठाला गेले होते, गाव तिथून बरंच दूर. थोरल्याला त्यानं कॉल लावून पाहिले, उचलले नाहीत. आईला उठवलं तर ती घाबरेल म्हणून लावला नाही. उजाडायची वाट बघत बसला आणि मग मला लावला.

भीती वाटली का, म्हणून विचारलं तर हसला. रानात मेंढरांबरोबर झोपलेला माणूस, त्याला अंधाराची काय भीती! पण मग त्यानं स्वतःच्या छातीला हात लावला, दोन्ही तळहात उपडे केले आणि भुवया वर केल्या. मी काय केलं?

ही खूण तो लहानपणी मार खाताना करायचा. चाळिशीकडे आलेला माणूस बाभळीखाली उभा राहून मला तीच खूण करत होता.

मी मिळेल त्या बसनं निघाले. बिडकीनपर्यंत उभ्यानं, पुढं बसायला मिळालं तरी मला बसवत नव्हतं. बाजूच्या बाईनं विचारलं, कुणी सिरियस आहे का. मी म्हणाले, नाही, भांडायला चालले. तिनं सरकून जागा केली.

भाऊ तोवर चालत घरी येऊन मेंढरं घेऊन गेला होता. थोरला अंगणात गाडी धूत होता. बाकीचे दोघं ओट्यावर चहा पीत होते. मला बघून थोरला म्हणाला, "अक्का? अचानक?"

"त्याला तिथं सोडून आलात?"

"सोडून कशाला येतोय?" त्यानं पाण्याची नळी खाली टाकली. "हाका मारल्या व्हत्या की त्याला. लई हाका मारल्या. आलाच नाय."

 मला वाटलं, आता याला कळेल आपण काय बोललो ते. ओट्यावरच्या धाकट्याला कळलं, तो कपात बघायला लागला. याला नाही कळलं.

"कुणाला मारल्या हाका?" मी विचारलं. "कुणाला रे? पुन्हा सांग. ज्याला जन्मात तुझा आवाज माहीत नाही, त्याला?"

मग मात्र मी थांबले नाही. काय काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. शेजारपाजारच्या बायका बाहेर आल्या. मधला म्हणाला, "बॅटऱ्या पण मारल्या त्याच्याकडं." मी म्हणाले, "त्याच बॅटऱ्या ना, ज्या त्याच्या डोळ्यांवर मारून तुम्ही त्याला आंधळासुद्धा करून टाकलात? त्यानं तुमच्यावर मारली तर हिसकून चिखलात टाकता!" तेव्हा थोरलाही तापला. "मंग आमी काय करायचं अक्का? मासे धरायचे का त्याच्या तोंडाकडं बघत बसायचं?"

"व्हय! तोंडाकडं बघायचं. इतकी वर्षं तेच करत होतात. मासे कुठं धरत होतात? दोन शिंगाळे आणायचे आणि हसून हसून यायचे!"

 मी आणखी बोलणार होते, पण आईनं मला हाताला धरून घरात ओढलं. दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "तू भांडशील आन् संध्याकाळच्या गाडीनं जाशील. त्यांच्याबिगर त्याला हाय कोण?"

 खरंच कोण होतं? मी महिन्यातून एकदा येणार. आई थकली. लग्न त्याचं जमलं नाही, कारण मुलीकडचे यायचे आणि त्याच्यासमोर बसून त्याच्याबद्दल आम्हाला प्रश्न विचारायचे. उरले हे तिघं. हे तुटले तर मेंढरं आणि फोन. म्हणजे ज्यांच्यावर माझा जीव जळत होता, त्यांच्याशीच मला गोड बोलावं लागणार होतं. कुणावर मनसोक्त रागावताही येऊ नये, याच्यासारखा जाच नाही.

म्हणून मी दिवे शोधत हिंडत होते.

शेवटी सगळी दुकानं फिरून मला एवढं कळलं, की दिव्याला दोष नाही, तो बांधायच्या जागेला आहे. निवड भावानंच केली. दुकानातून दाखवायला म्हणून आणलेले दोन-तीन दिवे घेऊन मी रात्री स्वयंपाकघरातला लाइट बंद करायची, फोन डब्यांना टेकवून ठेवायची आणि त्याला कॉल लावायची. एकेक दिवा लावून आवाज न काढता बोलायची. मी काय म्हणाले ते त्यानं सांगायचं. कपाळावरचा लांब पल्ल्याचा दिवा लावला तेव्हा त्यानं खूण केली, भूत. लाल उजेडात ओठ आणि गाल एकाच रंगाचे झाले, तो म्हणाला, तुला तोंडच नाही. मग एक साधा, पिवळसर, पसरट उजेडाचा दिवा होता. त्याला काचेवर दुधाळ झाकण होतं, मान वर-खाली करता येत होती आणि उजेड अगदी बारीक करता येत होता. त्याचा पट्टा सैल करून मी तो गळ्यात घातला आणि हनुवटीकडे वळवला. तोंड उजळलं, हातही उजळले, आणि पुढ्यात दोन हात जमीन दिसायला लागली. मी 'मामा' म्हणाले, त्यानं 'बाबा' सांगितलं. ते दोन तर भरदुपारच्या उन्हातही त्याला सारखेच दिसतात, म्हणून मी ती चूक धरली नाही. मग मी थोरल्याबद्दल एक लांबलचक वाक्य बोलले, त्यात तीन शिव्या होत्या. त्यानं ते शब्दन् शब्द परत केलं आणि इतका हसला की त्याच्या हातातला फोन पडला. किती दिवसांनी मी त्याला असं हसताना बघत होते!

तसलेच दिवे मी सगळ्यांसाठी घेतले. दुकानदार म्हणाला, "ये तो एकदम लो पॉवर है मॅडम, इससे कुछ नहीं दिखता." मी त्याच्याशी भांडले नाही. थकले होते.

गावी गेले ते दिवेलागणीच्या वेळी थेट पाण्यावर. तिघं होते आणि भाऊही होता. मी फोन करून बोलावलं होतं म्हणून आले असतील, किंवा त्या दिवसाची लाज वाटत असेल. मी आईच्या सांगण्याप्रमाणे गोड बोलले. म्हणाले, कपाळावरचे दिवे राहू द्या, गळ लावताना, मासा काढताना लागतील. पण बोलताना ते बंद करायचे आणि हा गळ्यातला लावायचा. बास, एवढंच.

मधला दिवा हातात फिरवत म्हणाला, "घंटी बांधल्यावानी दिसतंय. आमी काय मेंढरं हाव का?"

मी दात आवळून उभी राहिले. धाकट्यानं पहिल्यांदा घातला. मग मधल्यानं. थोरल्यानं सगळ्यात शेवटी, माझ्याकडे न बघता.

अंधार पडत गेला तशी तिघांची तोंडं एकेक करून उजळली. खालून आलेल्या उजेडात ती जरा विचित्रच दिसत होती, पण दिसत होती. भाऊ पाण्याकडे पाठ करून बसला. त्यानं दोरीही टाकली नाही. या तोंडावरून त्या तोंडावर, पुन्हा या, असा नुसता बघत होता. धाकट्यानं विचारलं, "जेवला का?" भावानं मान हलवली. मधला म्हणाला, "नवं कोकरू कसंय?" त्यानं हातानं उड्या मारून दाखवल्या. कसली पाहुण्यांसारखी बोलणी! जन्मभराची ओळख आणि हे विचारतात, जेवला का. तरी माझा राग जरा खाली बसायला लागला होता.

तेव्हा भावानं स्वतःच्या गळ्यातला दिवा नीट केला, हात उजेडात आणले आणि थोरल्याकडे बघून मिशीला पीळ दिला. मग ती रात्र. गाडी. गेलात. आणि दोन्ही तळहात उपडे करून भुवया वर.

का?

 थोरल्याचं तोंड उघडलं. "हाका..." एवढा शब्द मी ऐकला, आणि तो तिथंच थांबला. भाऊ त्याच्या ओठांकडे टक लावून बघत होता. थोरल्याचा हात गळ्याकडे गेला. बटण दाबल्याचा बारीक आवाज झाला आणि त्याचं तोंड अंधारात गेलं.

मी उठणारच होते. त्याची गचांडी धरायची, एवढंच डोक्यात होतं. पण भाऊ माझ्याआधी पुढं वाकला. त्यानं शांतपणे थोरल्याच्या गळ्याशी हात नेला, चाचपून बटण शोधलं, दिवा पुन्हा लावला आणि मागं सरून बसला. वाट बघत.

थोरल्याच्या गालात तंबाखू होती. तो तसाच काहीतरी पुटपुटला. मला ऐकू आलं. भावाला ओठ लागले नाहीत, त्यानं माझ्याकडे मान वळवली आणि विचारलं, काय म्हणाला?

थोरला म्हणाला होता, "इसरलो."

त्यांनी हाका मारल्या नव्हत्या. बॅटऱ्याही दाखवल्या नव्हत्या. मासे भरले, गाडीत बसले, घरी आले. तो सोबत आहे, हेच तिघांच्या डोक्यातून गेलं होतं. हाका मारल्याचं त्या सकाळी मला बघून सुचलं असणार.

इतके दिवस मी ज्या गोष्टीवर जळत होते ती खोटी निघाली, आणि खरी होती तिच्यावर कसं रागवायचं हे मला कळेना. टाकून आले असते तर भांडता येतं. शिवी दिली असती तर परत देता येते. विसरले, याला काय करायचं? थोरला खाली मान घालून बसला होता आणि भाऊ माझ्या उत्तरासाठी थांबला होता. मला खोटं सांगता आलं असतं. म्हणाले असते, बॅटऱ्या मारल्या त्यांनी, झोप लागली होती तुला. त्यानं मानलं असतं, कदाचित. सगळे पुन्हा हसत बसले असते.

पण माझ्या गळ्यातही दिवा होता. मी तो वर वळवला, आणि त्याला दिसेल असं सावकाश म्हणाले, "विसरले तुला."

त्यानं ते वाचलं.  डोळ्यांत पाणी आलं असेल-नसेल, तेवढा उजेड वर पोचत नव्हता. मग तो थोरल्याकडे वळला.

संध्याकाळी मेंढरं वाघुरीच्या, म्हणजे जाळीच्या, कुंपणात घेताना तोंडाशी उभं राहायचं आणि आत शिरणाऱ्या एकेकाच्या पाठीवर हात टेकत मोजायचं, ही आमची रीत आहे. एक जरी कमी भरलं तरी घरातलं कुणीतरी ताट बाजूला सारून तसंच परत रानात जातं. मोजायची खूण म्हणजे पालथा हात हवेत थोपटत पुढं न्यायचा. भावानं तो पालथा हात आधी धाकट्याच्या खांद्यावर टेकवला. मग मधल्याच्या. मग थोरल्याच्या. प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून. आणि मग थोरल्याचा हात उचलून त्यानं स्वतःच्या खांद्यावर ठेवला आणि तिथं धरून ठेवला.

ही खूण थोरल्याला मला समजावून सांगावी लागली नाही.